सतरा त्रिक डावीकडून

त्यांच्याकडे गाडी नेली की आधी तोंडानं आवाज काढून दाखवावा लागे. गाडीतली म्युझिक सिस्टिम (त्यांच्या भाषेत कायम 'टेप') "नीट वाजत नाही" एवढं सांगून भागत नसे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मीही नेमकं तेच म्हटलं. ते स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत.

"वाजत नाही, की नीट वाजत नाही?"

"नीट वाजत नाही. खराब आवाज येतो."

"खराब दूध असतं, मॅडम. आवाजाला काय झालंय ते सांगा. खरखरतोय, फडफडतोय, घरघरतोय, की मधेच रुसून बसतोय?"

"बहुतेक खरखरतोय."

"बहुतेक नको. काढून दाखवा."

सकाळचे अकरा वाजलेले, समोरून बसगाड्या चाललेल्या, शेजारच्या रसवंतीवर चार माणसं हातात ग्लास घेऊन उभी, आणि कॉलेजात बारावीला भूगोल शिकवणारी मी भर रस्त्यात "खर्र, खर्र" करत होते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तोंडानं फर्र काढताय आणि नाव खर्र सांगताय. पुन्हा काढा." मी पुन्हा काढला. मग "मोठा लावल्यावरच होतो ना?" एवढं विचारून ते उठले, दाराचं आतलं पॅड उघडलं आणि स्पीकरचा काळा कागद कडेनं चिरला होता तिथं बोट ठेवून दाखवलं. कागद फाटला की फर्र आणि आतली तारेची गुंडाळी घासायला लागली की खर्र, हे मला त्या दिवशी कळलं. मी शिक्षिका आहे हे समजल्यावर त्यांनी मला 'मॅडम' म्हणायचं सोडून 'बाई' म्हणायला सुरुवात केली.

सातारा रस्त्यावर, कात्रजच्या थोडं अलीकडे, एक टायरवाला आणि ही रसवंती यांच्या मधल्या पत्र्याच्या खोलीत ते बसत. हाताखाली कुणी नाही. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, बुशशर्टाच्या खिशात टेस्टर आणि एक पेन्सिल सेल. रसवंतीच्या चरकाला घुंगरू बांधलेले होते. चरक फिरायला लागला की ते काम थांबवून डोळे मिटून बसायचे, आणि शेवटचा ग्लास भरला की पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलायचे. या प्रकाराबद्दल रसवंतीवाल्याशी त्यांचं कधी वाजलं नाही. "तो आधीपासून आहे, मी नंतर आलो," एवढंच म्हणत.

मला माणसांच्या लकबी बघायची खोड आहे. नवरा म्हणतो, तुला चौकशीखात्यात नोकरी द्यायला हवी होती. त्यामुळे टेप ठणठणीत असतानाही मी कधी कधी तिथं रस प्यायच्या निमित्तानं थांबत असे आणि गंमत बघत असे. टाय लावलेला बँकेचा अधिकारी गाडीला टेकून "घुर्रर्र" करतोय. एक गोरीगोमटी नवी नवरी नवऱ्याकडे बघत लाजत लाजत "टिक टिक" म्हणतेय आणि नवरा "नाही गं, टक टक" म्हणून तिच्याशी वाद घालतोय. ते स्टुलावरूनच मधे पडून म्हणत, "आपण घरी ठरवून या. मला घाई नाही."

शब्दांच्या बाबतीत मात्र त्यांना खरोखरच घाई नसे. एकदा एका गृहस्थांनी आवाज 'बद्द' येतो असं सांगितलं. यांनी विचारलं, "बद्द की बोदा?" गृहस्थ म्हणाले, एकच ते. तेव्हा हे त्यांना स्टुलावर बसवून समजावायला लागले, की बद्द म्हणजे फुटका माठ, ठोकला तरी नाद नाही. बोदा म्हणजे माठ चांगला, पण कुणीतरी त्याच्यावर गोधडी टाकलीय. बद्द असेल तर स्पीकर गेला. बोदा असेल तर स्पीकरात काही नाही, वाटेत काहीतरी आडवं आलंय. गृहस्थांनी पाच मिनिटं विचार करून 'बोदा' असा निकाल दिला, आणि दाराच्या जाळीमागे लग्नाच्या आमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा निघाला.

माझ्याच सांगण्यावरून एक जण मांजरी गावाहून तिथं गेले होते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील. विकलेल्या शेतजमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्यानंतर घेतलेली त्यांची गाडी त्या पत्र्याच्या खोलीपेक्षा मोठी होती. त्या दिवशी मीही तिथं होते.

"गाडी चालू केली का शिट्टी वाजती बगा," ते म्हणाले. "रेस दिली का वाढती. पाव्हनं इचारत्यात, गाडीत कुकर बसिवलाय का?"

"मग डाळ लावा."

"अवो, चेष्टा करू नगा. धा जनांना दाखिवलं. समदे म्हनत्यात टेप बदला."

यांनी टेपकडे पाहिलंही नाही. गालिचा उचलून एक काळी वायर शोधली, तिचा बोल्ट सोडवला आणि बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडायला लागले. लाखो रुपयांच्या गाडीचा रंग खरवडताना बघून त्या माणसाचा जीव वरखाली होत होता. हे म्हणाले, "अर्थिंगची वायर लोखंडाला लावायची असते. तुमच्या माणसानं रंगाला लावलीय. रंगाला वीज कळत नाही." वायर परत बसवली. रेस दिली. शिट्टी नाही. "हितं येकच बोल्ट व्हता व्हय!" असं म्हणत ते गाडीभोवती दोन चकरा मारून आले.

आणखी एक आठवतं. एक आयटीतला मुलगा चार नवे स्पीकर बसवून आला होता. "काका, एव्हरीथिंग इज ब्रँड न्यू, पण बेसच नाहीये. पुढचा एकेक लावला की मस्त येतो, दोन्ही लावले की गायब." हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. असा बिघाड त्यांना मनापासून आवडे. खिशातला पेन्सिल सेल काढून त्यांनी वायरीची दोन टोकं त्याला टेकवली. डावीकडच्या स्पीकरचा कागद टुणकन पुढे आला. उजवीकडचा आत गेला. वायर उलटी जोडली होती. "हा ढकलतो तेव्हा तो ओढतो. दोघेही उत्तम आहेत, फक्त एकमेकांचा आवाज खातायत," ते म्हणाले, आणि मग मला बघून, "बाई, स्टाफरूममध्ये असतं ना असं?" मी हसले, कारण असतंच.

पण त्यांची खरी वस्तू म्हणजे त्यांचा पेनड्राइव्ह. त्यात एकही गाणं नव्हतं. होता सतराचा पाढा. त्यांची बायको महापालिकेच्या शाळेत शिकवायची, तिच्या आवाजातला. युक्ती अशी की "सतरा त्रिक" हे फक्त डाव्या स्पीकरमधून यायचं आणि "एक्कावन्न" फक्त उजव्यातून. गाडीत बसवून ते विचारत, "सतरा त्रिक कुठून आलं? एक्कावन्न कुठून आलं?" डावा गेला असेल तर नुसतीच उत्तरं ऐकू येत, उजवा गेला असेल तर नुसतेच प्रश्न. मी विचारलं, गाणं का नाही लावत? म्हणाले, "गाण्यात माणूस रमतो." मग बेचा पाढा का नाही? "बेचा पाढा माणूस ऐकत नाही, मनातल्या मनात म्हणतो. सतराचा ऐकावाच लागतो." हे उत्तर मी नंतर कितीतरी वेळा वर्गात वापरलं.

तुसडेपणाही होताच. आपण बोलत असताना ते चालत चालत गाडीला वळसा घालून पलीकडे जायचे आणि तिथून ऐकायचे. उजव्या बाजूला उभं राहून काही विचारलं तर उत्तरच द्यायचे नाहीत. मला तो शिष्टपणा वाटायचा. "कुठून आलं?" हा प्रश्नही ते इतक्या वेळा विचारत की मला वाटे, स्वतःला कळत असताना उगीच गिऱ्हाइकाची परीक्षा घेतात. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं होतं. ते म्हणाले, "परीक्षा तुम्ही घेता. मी विचारतो." मी मनातून जरा रागावले होते.

मग मी एका बुधवारी गेले. त्या आठवड्यात कॉलेजात पूर्वपरीक्षा चालू होती आणि मागच्या सीटवर पेपरांचे दोन गठ्ठे होते. मी शहाण्या पेशंटासारखी शब्द ठरवूनच गेले होते.

"डावा स्पीकर बोदा झालाय," मी म्हटलं. "परवापासून. आणि मागे एक बारीक गूं येतं."

"बोदा. बद्द नाही?"

"बोदा. नक्की."

ते खूश झाले. मला स्टेअरिंगवर बसवलं, पाढा लावला आणि सगळा आवाज डावीकडे वळवला.

"सतरा त्रिक कुठून आलं?"

"उजवीकडून."

त्यांनी बटणं तपासली. पुन्हा लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं. जे काही येत होतं ते सगळं उजवीकडूनच येत होतं, आणि डावी बाजू कुणी दार लावून घेतल्यासारखी होती. मला त्याचं आश्चर्य वाटलं, पण त्यांच्याकडे असली कोडी रोजच येत. त्यांनी मात्र आवाज पुन्हा दोन्हीकडे सारखा केला. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट सांगितली. म्हणाले, मागच्या सीटवर जा आणि गुडघ्यावर, उलटं, मागच्या काचेकडे तोंड करून बसा. पेपरांचे गठ्ठे सरकवून मी तशी बसले. रसवंतीवरची माणसं बघत होती, पण एव्हाना मला त्याचं काही वाटत नसे.

"आता बोदा कुठला?"

"आता... अय्या, आता उजवा स्पीकर बोदा झाला! म्हणजे दोन्ही गेलेत?"

त्यांनी टेप बंद केला.

"गूं रेस दिली की वाढतं?"

"नाही. तेवढंच राहतं."

"किल्ली काढल्यावर?"

"तेव्हाही येतं."

"गाडीतून उतरल्यावर?"

"हो, म्हणजे काल वर्गात सुपरव्हिजन करतानाही होतं. घरी उशीवर डोकं टेकलं की तर—"

तिथं माझं वाक्य थांबलं. सोमवारी सकाळी उठले तेव्हा डाव्या कानाला दडा बसला होता. सर्दी झाली असेल म्हणून मी वाफ घेतली आणि विसरले. फोन मी कायम उजव्या कानाला लावते. वर्गात डाव्या बाकावरच्या मुलीनं दोनदा पुरवणी मागितली ती मला ऐकू आली नव्हती आणि मी तिलाच "मोठ्यानं बोलावं" म्हणून झापलं होतं. हे सगळं माझ्याजवळ होतं आणि मी गाडी दुरुस्त करायला आले होते.

"बाई, स्पीकर चांगले आहेत," ते हळू म्हणाले. "बिघाड तुमच्याबरोबर फिरतोय. कानाच्या डॉक्टरकडे जा. आत्ता."

मी म्हटलं, जाते, परीक्षा संपली की लगेच. सोमवारी.

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. आवाज मात्र चढला नाही. त्यांनी वाकून माझ्या गाडीची किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली.

"मला पाच वर्षांपूर्वी उजवीकडून कमी यायला लागलं," ते म्हणाले. "एका गिऱ्हाइकाची गाडी होती. मी तिचा उजवा स्पीकर बदलला. फरक नाही. वायर बदलली. टेप बदलला. मग दुसरी गाडी आली, तिचाही उजवा बोदा. तिसरी आली, तिचाही. पंधरा दिवस येईल त्या गाडीचा उजवा स्पीकर मी उघडत होतो. व्यापाऱ्याला जाऊन शिव्या दिल्या की तुमचा माल वाईट आहे. अहो, पुण्यातल्या सगळ्या गाड्यांचे उजवे स्पीकर एकदम कसे बिघडतील? चाळीस वर्षं दुसऱ्यांना अक्कल शिकवली, आणि हा एक प्रश्न मला पडला नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर काहीतरी करता आलं असतं."

ते गाडीला वळसा घालून का जातात, उजवीकडून बोललं तर गप्प का असतात, आणि "कुठून आलं" हे दर वेळी गिऱ्हाइकालाच का विचारतात, याचा उलगडा झाला. दोन कान असल्याशिवाय आवाजाची बाजू कळत नाही. हा माणूस पाच वर्षं आमच्या कानांवर भरवसा ठेवून डावं-उजवं लावत होता. मला माझ्या रागाची लाज वाटली.

"सोमवार, मंगळवार, बुधवार," त्यांनी बोटं मोजली. "अजून आहे वेळ. गाडी इथंच राहील. रिक्षानं जा. दवाखान्याचा कागद दाखवा आणि किल्ली न्या."

"अहो, पण पेपर..."

"पेपर मी राखतो. कुणी नापास होणार नाही."

मी रिक्षात बसले. स्वारगेटला सिग्नलवर थांबलो तेव्हा चारही बाजूंनी हॉर्न वाजत होते आणि ते सगळे मला उजवीकडून ऐकू येत होते. तेव्हा मला खरी भीती वाटली. डाव्या बाजूला एक बस अगदी चिकटून उभी होती, आणि ती मला फक्त दिसत होती.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी चिमट्यासारखा नादकाटा वाजवून कपाळावर ठेवला, काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि विचारलं, "इतक्या लवकर कशा आलात? लोक महिनाभर सर्दी समजून बसतात. कुणी पाठवलं?" मी म्हटलं, गाडीचा टेप दुरुस्त करतात त्यांनी. त्यांना वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली, म्हणून त्यांनी तोच प्रश्न मोठ्यानं पुन्हा विचारला. गोळ्या सुरू झाल्या, मग कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं. परत येईलच असं सांगता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. किल्ली दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं कागद दाखवून सोडवली. कागद त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचला, असं तो म्हणाला.

गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं आणि मुलीकडे नाशिकला गेले. नव्या गाड्यांत सगळंच एका काचेत असतं, बिघडलं की काच बदलतात, तोंडानं आवाज काढायला कुणी सांगत नाही. पण त्यांची आठवण काढली की मला पेढे घेऊन गेले होते तो दिवस दिसतो. त्या बुधवारनंतर साधारण महिन्यानं.

"किती आलं?" त्यांनी विचारलं.

"बरंच. बारीक आवाज अजून चुकतात. गूं आहे, पण लांब गेलंय."

त्यांनी पाढा लावला. सतरा त्रिक डावीकडून आलं. एक्कावन्न उजवीकडून. मी तसं सांगितलं. त्यांनी टेप बंद केला, पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. म्हणाले, "तुम्ही पलीकडच्या सीटवर सरका." आणि स्टेअरिंगवर येऊन बसले. इतक्या वर्षांत ते माझ्या गाडीत कधी बसले नव्हते. आता मी त्यांच्या डाव्या हाताला होते, ऐकू येणाऱ्या कानाकडे.

"परत यायला लागलं तेव्हा," ते समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "पहिलं काय आलं?"

मी सांगितलं. मी रोज सकाळी उजवा कान उशीत दाबून पडायचे, म्हणजे जग बंद व्हायचं आणि राहायचं ते फक्त गूं. नवव्या की दहाव्या दिवशी अशीच पडले होते. गूं चालू होतं. आणि ते थांबलं. माझं गूं कधीच थांबत नसे, मग हे कसं थांबलं? मी उठून बसले, आणि जिन्यातून कुणीतरी ओरडताना ऐकू आलं की टाकी भरली, मोटार बंद केली. आमच्या सोसायटीची पाण्याची मोटार होती ती. ते गूं माझं नव्हतं, बाहेरचं होतं. मी तिथंच बसून रडले, नवरा धावत आला, आणि मला त्याला सांगता येईना की मोटार बंद झाली म्हणून मी रडतेय.

मागून एक गाडी येऊन थांबली होती. तिनं हॉर्न दिला. कुणीतरी उतरून त्यांच्या खिडकीशी आलं आणि वाकून मोठ्यानं म्हणालं, "काका, जरा बघता का? आवाज खराब येतोय."

त्यांनी त्या माणसाकडे मान वळवली नाही. "थांबा हो जरा," ते म्हणाले. "ऐकतोय."

मग डावा कान माझ्याकडे करून म्हणाले, "परत सांगा, बाई. पहिल्यापासून. उशीत कुठला कान होता?"

मी पहिल्यापासून सांगायला लागले.